फोटोतला रखमाजी

कावळे आले होते. पलीकडच्या करंजावर सातआठ बसले होते, दोन तर नदीकाठावर उतरून फेरफटकाही मारून गेले होते. पण पिंडाकडं एकही वळत नव्हता. जानूचा जीव अजून कशात तरी अडकलाय, असं आता भावकीत उघड बोललं जाऊ लागलं होतं.

रखमाजी हात जोडून सगळ्यांच्या पुढं उभा होता. साठीच्या थोरल्या भावानं सत्तेचाळिशीतल्या धाकट्याच्या दशक्रियेला उभं राहायचं, हा उलटा कारभार त्याच्या गळी उतरत नव्हता. ज्या जानूला खांद्यावर बसवून त्यानं मळवलीच्या फाटकापर्यंत गाड्या बघायला नेलं, त्याच जानूला फुप्फुसाच्या कॅन्सरनं वर्षाच्या आत संपवलं. जानूला मुलगा नाही, एकच मुलगी, प्रेरणा. ‘बाबांना मीच अग्नी देते’ म्हणून ती हटून बसली होती, पण भावकीनं तिचं चालू दिलं नाही. अग्नी दिला तो रखमाजीच्या मुलानं, अमृतनं. आता तो गोटा केलेलं डोकं आणि ओलं धोतर घेऊन पिंडाशेजारी माघातल्या थंडीत कुडकुडत बसला होता.

प्रवचन झालं होतं, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्याही झाल्या होत्या. रविवार असल्यामुळं लोहगडाकडं निघालेल्या मोटारींची रांग इंद्रायणीच्या पुलापासून थेट भाजे गावापर्यंत लागली होती. त्यातली पोरं खिडकीतून माना काढून हा कसला कार्यक्रम आहे ते बघत होती. भोवती एवढी माणसं असून रखमाजीला फार एकटं वाटत होतं.

“घरच्यांनी बोला काहीतरी,” भटजी म्हणाले. “त्यांची काय इच्छा राहिली असेल, कशाची काळजी असेल, ते मोठ्यानं बोलून दाखवा. मला कामशेतला अजून एक विधी आहे.”

बायकांच्या बाजूनं कुजबुज झाली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलेली सरुबाई, रखमाजीची आई, पदरानं डोळे पुसत म्हणाली, “रखमाजी, तू बोल रं. त्याचा जीव तुझ्यावरच व्हता.”

रखमाजी पिंडाकडं एक पाऊल पुढं सरला. आई म्हणत होती ते खरं नव्हतं. जानूचा जीव होता तो फोटोतल्या रखमाजीवर.

त्या फोटोची गोष्ट भाज्यात कुणालाही विचारा. एकोणनव्वद साली मुंबईची माणसं सिगारेटच्या जाहिरातीचे फोटो काढायला लोहगडावर आली. त्यांनी आणलेला देखणा गडी दुसऱ्याच दरवाज्यात चक्कर येऊन बसला. पेट्या वाहायला लावलेल्या गड्यांमध्ये चोवीस वर्षांचा रखमाजी होता. उंच, सावळा, रुंद जबड्याचा. त्यांनी त्याच्या डोक्यावरची पेटी उतरवली, भर उन्हात चामड्याचं जाकीट चढवलं, खांद्यावर दोराचं वेटोळं टाकलं, बोटांत पेटलेली सिगारेट दिली आणि गडाच्या विंचूकाटा माचीकडं बघायला सांगितलं. दोन महिन्यांनी तो एका इंग्रजी मासिकाच्या मागच्या पानावर छापून आला. लोणावळा स्टेशनच्या बुकस्टॉलवर होती तेवढी मासिकं गावानं उचलली. सरुबाईनं ते पान बाजारपेठेत नेऊन फ्रेम करून घेतलं. फ्रेम लहान पडली म्हणून फ्रेमवाल्यानं पानाची खालची पट्टी कापून टाकली. त्या पट्टीवर सिगारेट तब्येतीला घातक असल्याचा इशारा होता, पण घरात इंग्रजी कुणाला येत होतं? घरातल्या माणसाचा तो पहिला रंगीत फोटो. तो खंडोबाच्या शेजारी लागला आणि दसऱ्याला त्यालाही हार पडू लागला. ती जाहिरात आहे असं त्या घरात कुणाला कधी वाटलंच नाही.

जानू तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो पाटीवरची पेन्सिल बोटांत धरून फोटोसमोर उभा राहायचा, जबडा पुढं काढून. सगळे हसायचे, रखमाजीही हसायचा. तेराव्या वर्षी जानू करवंदीच्या जाळीमागं खरी सिगारेट ओढताना सापडला, तेव्हा रखमाजीनं त्याच्या कानाखाली जाळ काढला.

“दादा, तू वढतोस ती?” जानू गाल चोळत म्हणाला होता.

“म्या कवा वढली रं? नुसती हातात धराया लावली व्हती. एक झुरका घेतला तर खोकून खोकून जीव गेलता माझा!”

“ठाव हाय मला. पर फोटूतला दादा वढतो की.”

रखमाजी सुपारीचं खांडदेखील तोंडात टाकणारा नव्हता, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण गावातल्या पोरांना तो नकोच होता, त्यांना भिंतीवरचा हवा होता. पाहुणे आधी फोटो बघायचे, मग त्याच्याकडं बघायचे आणि त्यांचा चेहरा जरासा पडायचा. त्याला आधी बघून मग फोटो बघणारं एकच माणूस होतं, त्याची बायको. तिला जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

“जानू,” तो शेवटी पिंडाकडं बघून म्हणाला, “मी हाय रं मागं. घराचं मी बघतो. तू काळजी करू नगंस.”

करंजावरचा एकही कावळा हलला नाही.

मग अमृत बोलला. त्याचं लोहगडवाडीत ट्रेकर्ससाठी पिठलं-भाकरीचं हॉटेल आहे. बोलणं त्याचा धंदाच असल्यामुळं त्यानं नीट, ऐकू जाईल असं सांगितलं. “काका, प्रेरणाचं शिक्षण माझ्याकडं. तिचं लगीन पण मी करून दीन, सख्ख्या बहिणीसारखं. काकीला कायबी कमी पडू देणार न्हाई.”

“शाब्बास,” दत्तोबा म्हणाला. भावकीतला तो सगळ्यात वडील माणूस, तळहातावर तंबाखू मळत उभा होता. “आता यील बघा.”

पण कावळा आला नाही.

अनितानं हे सगळं ऐकलं. जानूची बायको म्हणून तिला बायकांच्या पुढं उभं केलं होतं. गेले दहा दिवस जो तो तिच्याविषयी बोलत होता, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. अनिताला कमी पडू देणार नाही, अनितानं आता असं राहावं, अनितानं तसं करावं. तिच्या एका खांद्यावर प्रेरणाची कॉलेजची सॅक होती. आजीला धरून चालत आणताना पोरीनं ती आईकडं दिली होती.

“मी बोलू का?” तिनं विचारलं.

भटजींनी मान हलवली.

“त्यांची इच्छा म्या सांगते. अमृत, तुझ्या हाटेलात भाऊंचा त्यो फोटू भिंतभर लावलायस. त्यो काढ. आन घरातलाबी काढा.”

अमृतचा हात डोक्याकडं गेला, केस नाहीत हे कळल्यावर खाली आला. “काकी, आत्ता? हितं?”

“हितंच. मग कवा? पुण्याची पोरं यत्यात, तुझ्याकडूनच सुट्टी सिगारेट घेत्यात आन त्या फोटूसमोर उभं ऱ्हाऊन आपला फोटू काढत्यात. म्या बघितलंय.”

“आगं, लोकं त्यो फोटू बघायाच आत यत्यात. आबांचा फोटू हाय त्यो, माझ्या बापाचा मान हाय.”

“फोटूला हात लावायचा न्हाई कुनी!” सरुबाई खुर्चीतून जवळजवळ उठलीच. “पस्तीस-छत्तीस वरसं देवाशेजारी हाय त्यो. फोटूनं कुनाला मारलंय का? पेपरात माझ्या लेकाचा फोटू आलता, तुझ्या म्हायेरच्या कुनाचा आलाय?”

“आई, गप ऱ्हा,” रखमाजी म्हणाला.

“मी का गप ऱ्हाऊ?”

आता हौसाबाई आईच्या बाजूनं तोंड घालणार, असं सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. ती रखमाजीची पाठची बहीण, बेगडेवाडीला दिलेली. एक्स्प्रेसवेला जमीन गेली त्या वेळच्या वाटणीपासून ती आणि अनिता एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. पण हौसाबाई पुढं आली आणि भावजयीच्या शेजारी उभी राहिली.

“आई, अनिताचं खरं हाय. माझ्या थोरल्यानं पण त्या फोटूला बघूनच चालू केली. आजोळला आला की मामाच्या फोटूम्होरं उभा ऱ्हायचा. कारखान्यात लागला, लगीन झालं, पोरं झाली, आजून सुटंना. काढा त्यो फोटू. दादा, तू सांग.”

सगळ्यांचे डोळे रखमाजीकडं वळले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला त्या फोटोविषयी त्याचं मत विचारत होतं.

“काढ,” तो म्हणाला. “कवाच काढायला पायजे व्हता.”

अमृत पिंडाकडं वळून हात जोडून म्हणाला, “काका, घरी गेल्यावर फोटू काढतो.”

तेवढ्यात करंजावरून एक कावळा खरंच उतरला. पिंडापासून हातभर अंतरावर येऊन त्यानं मान तिरपी केली. अनिताला वाटलं, अखेर आपलं नवऱ्याला पटलं. कावळ्यानं चोच दगडावर घासली आणि तो उडून गेला.

अनिताचे हात खाली आले. तिनं स्वतःची इच्छा नवऱ्याच्या नावावर सांगितली होती, आणि त्यानं मेल्यावरही तिचं ऐकलं नव्हतं. जिवंत असताना तरी कधी ऐकलं होतं?

हौसाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “अनिता, रागावू नगंस. त्याचा जीव कशात हाय ते तुलाबी ठाव हाय आन मलाबी. एक सिगारेट लावून ठिव पिंडापशी.”

अनितानं तिचा हात झटकला. “आक्का, जिनं माझा नवरा खाल्ला, तीच त्याच्या ताटात वाढू?”

“माझ्या सासऱ्याला इडी ठिवली तवा शिवला व्हता. समद्या गावात ठिवत्यात. मेलेल्या मानसाला काय कॅन्सर व्हनार हाय?”

“समद्या गावाचं ऱ्हाऊ द्या. माझ्या घरातनं ती गेली. त्यांच्याबरूबर गेली. माझ्या पोरीसमोर म्या पुन्हा तिला हात लावू द्यायची न्हाई.”

‘माझ्या पोरीसमोर’ म्हणताना तिनं सॅकचा पट्टा घट्ट धरला. एवढं एकच तिच्याजवळ उरलं होतं. नवरा गेला, पण पोरगी तळेगावला फार्मसी शिकतेय, शहाणी आहे, ही भानगड तिच्यापर्यंत पोचायची नाही. दहा रात्री अनिता या एका गोष्टीवर झोपली होती.

प्रेरणा आजीच्या खुर्चीमागं उभी होती आणि तिची नजर आईच्या खांद्यावरच्या सॅकवर होती.

सॅकच्या आतल्या कप्प्यात, रुमालाखाली, अर्धं पाकीट होतं.

लहानपणी तीही त्या फोटोसमोर खडू धरून उभी राहिली होती. घरातलं प्रत्येक पोर राहिलं होतं. बाबा टाळ्या वाजवायचे, “आमचा दादा आला, आमचा दादा आला!” नववीत असताना तिला इंटरनेटवर तीच जाहिरात सापडली. जुनी मासिकं जमवणाऱ्या कुणीतरी टाकलेली, पूर्ण, खालच्या पट्टीसकट. पट्टीवरचा इशारा तिनं बाबांना वाचून दाखवला. बाबा हसले आणि म्हणाले, “म्हंजी आमच्या दादाचं पाय फ्रेमवाल्यानं कापलं म्हनायचं.” मग अंगणात जाऊन त्यांनी एक पेटवली. आता असल्या जाहिराती छापता येत नाहीत, कायदा झालाय, असं कॉलेजात शिकवलं तेव्हा तिला हसू आलं होतं. तिच्या घरी ती रोज छापलेली होती.

पहिल्या वर्षी मैत्रिणीच्या खोलीवर कुणीतरी सिगारेट पुढं केली. “तुला सवय दिसतेय,” मैत्रीण म्हणाली होती, कारण प्रेरणाच्या बोटांनी ती बरोबर पकडली होती. बोटांना आधीच सगळं माहीत होतं. तरीही ते तेवढ्यावरच थांबलं असतं. पण बाबा आजारी पडले, पुण्याच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. आई आत बाबांजवळ बसायची आणि प्रेरणा बाहेर टपरीमागं एकटी. एक ओढली की तिच्या हातांना, ओढणीला बाबांच्या शर्टाचा वास यायचा. बाबा आत त्या वासानंच मरत होते, आणि तिला बाहेर त्यानंच धीर येत होता. हे कुणाला सांगायचं? आईला सांगता येत नव्हतं, आणि आईशिवाय तिला कुणी नव्हतं.

“वेळ झाला,” भटजी घड्याळाकडं बघत म्हणाले. “शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून शिववतो. काही दोष नाही त्यात.”

त्यांनी दर्भाची काडी हातात घेऊन पीळ द्यायला सुरुवात केली. माणसं चुळबुळली. दर्भाचा कावळा म्हणजे गावाच्या तोंडी कायमचं राहणं. दत्तोबा मान हलवत पुटपुटला, “जानूसारख्या मानसाला गवताचा कावळा. काय दिस आलं.”

अनिता भटजींच्या बोटांकडं बघत होती. त्या बोटांत गवताला चोच आली, मग पंख आले. प्रेरणाला आईचा चेहरा बाजूनं दिसत होता. तो चेहरा तिनं हॉस्पिटलमध्ये एकदाच पाहिला होता. डॉक्टरांनी ‘घरी न्या’ सांगितलं त्या दिवशी.

“थांबा,” अनिता म्हणाली.

भटजी थांबले.

“असं नगं. असं त्यांना गवतानं घालवू नगा.” ती भटजींच्या पुढं आली. “द्या. एक लावून द्या त्यांना. जाऊ द्या सुखानं.”

हौसाबाईनं तिला जवळ घेतलं. या वेळी अनितानं हात झटकला नाही.

“आना रं कुनी,” दत्तोबा म्हणाला. “कुनापशी हाय सिगारेट?”

कुणाजवळच नव्हती. म्हणजे निम्म्या पोरांच्या खिशात होती, पण बाप, चुलते, आजे समोर उभे असताना कबूल कोण करणार? एकानं नदीकडं बघितलं, एकानं मोबाईल काढला, हौसाबाईच्या थोरल्यानं तर पायातली चप्पल काढून तिचा अंगठा तपासायला घेतला. वडीलधाऱ्यांकडं तंबाखूच्या पुड्या होत्या, मिसरीच्या डब्या होत्या, सिगारेट नव्हती.

“फाट्यावरनं आना की,” अमृत म्हणाला.

“पुलावर गाड्यांचा लोंढा हाय. फाट्यावर जाऊन यायला तास जाईल,” कुणीतरी म्हणालं.

“तुझ्या हाटेलात ढीगभर ठिवतोस आन आज एक आनता आली न्हाई व्हय रं?” हौसाबाई भाच्यावर उखडली.

“काकीनंच सांगितलं व्हतं घाटावर कुनी आनायची न्हाई म्हून!”

“तास काही मला थांबता येणार नाही,” भटजी म्हणाले. दर्भाचा कावळा त्यांच्या तळहातावर तयार होता.

अनिता एकेका पुरुषाच्या तोंडाकडं बघत होती. पुतणे, भाचे, चुलत दीर. जो तो नजर चुकवत होता. नवऱ्याच्या उभ्या हयातीत तिनं ज्या वस्तूचा दुस्वास केला, तीच ती आता दारोदार मागत असल्यासारखी मागत होती, आणि तिला कुणी देत नव्हतं.

प्रेरणाला अमृतला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. आत्याच्या मुलाला डोळ्यानं खुणावता आलं असतं, त्याच्या खिशात नक्की होती. प्रेरणानं दोन्ही विचार करून पाहिले. पण आईनं पुन्हा एकदा “कुनीच न्हाई का?” असं विचारलं, आणि तो आवाज इतका एकटा होता की प्रेरणाला पुढचं काही सुचलं नाही. ती खुर्चीमागून निघाली आणि सगळ्यांच्या देखत आईसमोर येऊन उभी राहिली.

“आई, माझी सॅक दे.”

“आत्ता कशाला?”

“दे.”

अनितानं पट्टा खांद्यावरून उतरवला. प्रेरणानं चेन उघडली, आतल्या कप्प्यात हात घातला, रुमाल बाजूला केला. पाकीट बाहेर आलं. त्यावर सडलेल्या घशाचं चित्र होतं, ते आईकडं येऊ नये म्हणून तिनं ते उलटं धरलं, तर मागच्या बाजूलाही तेच होतं.

सरुबाईला काय झालं ते दिसलं नाही म्हणून ती “काय गं? काय काढलं पोरीनं?” असं विचारत राहिली आणि तिला कुणी सांगेना.

अनिता आधी पाकिटाकडं बघत होती, मग पोरीकडं. ती ओरडली नाही, हातही उगारला नाही. हौसाबाईनं तिला धरून ठेवलं.

“थोरल्या भावानं पेटवायची,” दत्तोबा घसा साफ करून म्हणाला, कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

प्रेरणानं एक सिगारेट काढून रखमाजीच्या हातात दिली, लायटरही दिला. रखमाजीनं ती बोटांत धरली. मोटारीतून बघणाऱ्या एका पोरानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. म्हातारा कसा रुबाबदार दिसत होता! रखमाजीनं लायटर पेटवून सिगारेटच्या टोकाला लावला. टोक काळं झालं, विझलं. पुन्हा लावला, पुन्हा विझलं.

“आबा, वढावी लागती,” अमृत हळू आवाजात म्हणाला.

रखमाजीनं ती ओठांत धरली आणि ओढली. लगेच खोकल्याची अशी उबळ आली की तो कमरेत वाकला. डोळ्यांतून पाणी आलं, सिगारेट बोटांतून सुटून गवतावर पडली. तो गुडघ्यावर बसून ती चाचपू लागला आणि खोकता खोकता म्हणाला, “मला न्हाई जमत गं पोरी. मला कवाच जमली न्हाई.”

भटजींनी दर्भाचा कावळा उचलला.

प्रेरणा खाली वाकली. तिनं गवतातली सिगारेट उचलली, ओठांत धरली, वाऱ्याकडं पाठ करून दोन्ही तळव्यांचा आडोसा केला आणि एका झुरक्यात पेटवली. अगदी जानूसारखी. हे सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना एकदमच जानू आठवला. हौसाबाईला हुंदका फुटला. प्रेरणानं पेटती सिगारेट पिंडाशेजारी दगडावर नीट ठेवली, हात जोडले आणि मागं सरली.

धुराची रेघ सरळ वर गेली. करंजावर फडफड झाली, एक कावळा उतरला. त्यानं या खेपेला कुठं मान तिरपी केली नाही, चोच घासली नाही. तो चालत आला आणि पिंडातला भात उचलून घेऊन गेला.

“शिवला! शिवला!”

सगळे हात एकदम कपाळाला लागले. सरुबाई मोठ्यानं रडू लागली. भटजींनी हातातलं गवत खाली टाकलं. अमृत उठून पाण्याकडं निघाला आणि दत्तोबा शेजारच्याला म्हणाला, “सिगरेटीसाठीच अडला व्हता गडी.” तेवढं वाक्य माणसांतून पुढं पुढं सरकत गेलं. भाज्यात ते आता किती वर्षं सांगितलं जाणार होतं, आणि ऐकणारी पोरं त्यावर किती खूश होणार होती, हे रखमाजीला तिथंच, गवतात बसल्या बसल्या कळलं. फोटो काढून काही उपयोग होणार नव्हता.

अनितानं कावळा पाहिलाच नाही. ती पोरीकडं बघत होती. प्रेरणा तोंड घट्ट मिटून उभी होती. पेटवताना घेतलेला झुरका तिनं वडीलधाऱ्यांसमोर सोडला नव्हता. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळे भरून आले होते, आणि आजूबाजूच्या आनंदात कुणाचंच तिच्याकडं लक्ष नव्हतं.

अनिता हौसाबाईच्या हातातून सुटून तिच्याजवळ गेली. पदराचं टोक तिनं पोरीच्या तोंडाआड धरलं, जगाला दिसू नये असं.

“सोड बाई,” ती म्हणाली. “आत ठिवू नगंस.”